अंथरूण पाहून

रात्री एक चाळीसला
प्रॉव्हिडन्समध्ये दुपारचे चार वाजून गेलेले असतात
आणि सयाजीगंजात, स्टेशनच्या पाठीमागे,
तिसऱ्या मजल्यावरचा आमचा एसी ठिबकत असतो.
खाली बादली. ती दर दोन तासांनी रिकामी करणं
भार्गवकडे.
माझ्याकडे अंथरुणं विकणं.

साडेसहा फुटी, पूर्ण सपाट,
अमेरिकेहून इटलीला जाताना आभाळात घालायची,
निम्म्या किमतीत.

लोकांना वाटतं, बिझनेस क्लास म्हणजे एकच भाव.
नाही हो. आत अक्षरं असतात. जे, सी, डी, आय,
आणि सगळ्यात शेवटी झेड,
पंगत उठल्यावर परातीच्या कडेला उरलेल्या जिलबीसारखं,
दोन-चार, कधी एकच,
तेही मंगळवारी, नोव्हेंबरात,
आणि लिस्बनला साडेपाच तास बसायची तयारी असली तर.
मला ते वासावरून सापडतं.
नऊ वर्षं झाली.
विमानात मी अजून बसलेली नाही.

आज मिसेस कापुटो. रोझारिया. वय एक्काहत्तर.
तीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता उजवा गुडघा वाकत नाही.
"लाकडाचा आहे असं समज," म्हणाल्या.
बारीला धाकटी बहीण. एकोणीस वर्षांत भेट नाही.
फोनवर भांडण झालं, फोनवरच मिटलं.
"जेवण नको, शॅम्पेन नको,
मला फक्त पाय लांब करून जायचंय."

पाय लांब करून.
आमच्याकडची म्हण जिभेवर आली, पण सांगितली नाही.
इंग्रजीत नेली की ती नुसती ताकीद होते.

पहिला भाव चार हजार आठशे. त्या गप्प.
मी प्रॉव्हिडन्स सोडलं, त्यांना बसनं बॉस्टनला नेलं.
तीन हजार दोनशे.
विमान रोमपर्यंतच ठेवलं, पुढची बारी आगगाडीवर टाकली.
दोन हजार सातशे.
मंगळवार. लिस्बन. झेड.
दोन हजार एकशे साठ, जाऊन-येऊन.
"थांब हं," म्हणाल्या,
आणि मला पर्स नव्हे, पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला.

कोड सांगताना सवयीनं बोलून गेले, बी फॉर बडोदा.
"ते कुठे आलं? बारीच्या वर की खाली?"
म्हटलं, बरंच खाली. आणि उजवीकडे.
"मग आमच्याच बाजूला," त्या म्हणाल्या.

फोन ठेवता ठेवता:
"एक विचारू? सीट सपाट झाली
की चादर आपण घालायची, का त्या मुली घालतात?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी भार्गवकडे बघितलं. त्यानं बादलीकडे.
मॅनेजर एकदा दुबईला गेलेला, पण तो बसून.
"त्या घालतात," मी ठोकून दिलं.
"कोपरे नीट दाबून घेतात?"
"हो, कोपरेसुद्धा."

सकाळी विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा थांबली,
मगर वर आली होती, लोक वाकून बघत होते.
मी मोबाइल बघत होते.
तेच तिकीट चाळीस डॉलरनी उतरलेलं.
कोपऱ्यांचं खरं काय, ते काही सापडेना.

दांडिया बाजारात, दिवसाच्या झोपेसाठी
पडदा ओढलेला, माझी गादी जमिनीवर,
चादर ताणून, चारी कोपरे आत खोचलेले.
आई ओट्याशी चहा गाळत उभी.
उभीच असते, खाली बसता येत नाही तिला,
सहा वर्षं झाली, दोन्ही गुडघे.

मी जमिनीवरचे ते कोपरे बघत राहिले.
"कसं घालतेस गं?"

"कप घे आधी," म्हणाली.